पायरीआधीची फरशी

१

झारीचा आवाज आधी सुनेनं ऐकला. पत्र्याची झारी दगडावर आपटली, गडगडत गेली आणि थांबली. एरवी त्या वेळी बागेतून झाडांवर पाणी पडल्याचा आवाज यायचा. तो आला नाही. हातातला कप तसाच ठेवून ती मागच्या दारानं धावली.

बागेतली वाट सरळ होती. एकतीस फरश्या, शेवटी वीतभर उंचीची एकच पायरी आणि पायरीखाली पाण्याचा हौद. थोरल्या बाई, म्हणजे तिच्या सासूबाई, त्या पायरीखाली पडल्या होत्या. पाय अंगाखाली मुडपलेला, तोंडातून हूं की चूं नाही. एक हात मात्र मागे, वाटेच्या दिशेनं, काहीतरी चाचपत होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात अकरा दिवस काढले आणि बाराव्या दिवशी त्या गेल्या. त्या अकरा दिवसांत जो कुणी उशाशी बसे त्याला त्यांनी एकच विचारलं.

"माझी फरशी कुणी नेली रे?"

"कुठे जाणार आहे आई, सगळ्या जागच्या जागी आहेत," मुलगा सांगायचा.

"नाही. माझी नेली."

डॉक्टर म्हणाले, औषधाची गुंगी आहे, लक्ष देऊ नका. कुणी दिलं नाही.

महिन्याभरानं ती सून फरश्यांच्या वखारीत येऊन उभी राहिली. वखारवाल्या काकू फुटलेल्या फरश्या वेगळ्या काढत होत्या. काकू हळू बोलणाऱ्या, पण दगडातलं त्यांना कळायचं तेवढं त्या गावात फार थोड्यांना कळायचं. बारा वर्षांपूर्वी त्या वाटेचा दगड याच वखारीतून गेला होता. थोरल्या बाईंनी तो कसा निवडला तेही काकूंना आठवत होतं. चपला काढून बाई एकेका नमुन्यावर उभ्या राहिल्या होत्या. "रंग काय, दोन वर्षांत उडेल. पायाला काय वाटतं ते मला बघू दे," म्हणाल्या होत्या. 

"काकू, एक विचारायचं होतं," सून म्हणाली. "संध्याकाळी धुतलेली फरशी सकाळपर्यंत सुकते ना?"

"उघड्यावरची तर दोन तासांत सुकते. का गं?"

त्या प्रश्नानं तिचा बांध फुटला. नणंद सगळ्यांना सांगत होती, वहिनीनं आदल्या संध्याकाळी वाटेवर साबणाचं पाणी ओतलं, म्हणून आई घसरली. नवऱ्यानं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. महिनाभर तो तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलला नव्हता.

"शुक्रवारी माझा भाऊ न्यायला येतोय मला. यांना सांगितलं, तर म्हणाले, जा." तिनं पदरानं नाक पुसलं. "परत ये, असं नाही म्हणाले."

"साबण लावला होतास?"

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, या दगडाला साबण नको, ॲसिड नको, नुसतं पाणी आणि खराटा. बारा वर्षं तेच करतेय."

काकूंनी विचारलं, "सासूबाई शेवटी काही म्हणाल्या का गं?"

सुनेनं ते एक वाक्य सांगितलं, आणि काकूंनी हातातली फरशी खाली ठेवली.

"गेलेल्या माणसाचा शेवटचा प्रश्न असा वाऱ्यावर सोडू नये," त्या म्हणाल्या. "चल, मी येते."

२

नणंद मागच्या दाराच्या उंबऱ्यावरच बसली होती. ती लांबच्या शहरात राहायची, आईच्या आजारपणापासून इथेच होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तिचा स्वभाव.

"या काकू. आता वखारीत चौकशा पण करून मिळतात वाटतं?"

"दगड माझ्याकडचा आहे. त्याच्यावरून बाई पडल्या, तर मला यायला हवं होतं आधीच," काकू म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. खरोखरच त्यांना ते लागलं होतं. बाई गेल्या तेव्हा त्या भेटून गेल्या, पण वाटेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. तो बायकोकडे न बघता बोलला. "आई गुंगीत होती, काकू. फरशी कुठे जाईल? एकेक पंचेचाळीस किलोची. खिशात घालून नेणार कोण?"

काकूंनी मोजल्या. एकतीस. एकही कमी नव्हती.

"झालं समाधान?" नणंद म्हणाली. "नेली कुणी नाही. घसरली ती साबणानं."

काकू गुडघ्यांवर बसल्या. दोन फरश्यांमधल्या दरजेत बोट घातलं. दरजांमध्ये दगडाची भुकटी भरलेली आणि तिच्यावर मखमलीसारखं हिरवंगार शेवाळ होतं.

"ताई, साबणाचं पाणी पहिल्यांदा दरजेत उतरतं. हे शेवाळ तांबडं पडून मेलं असतं. हात लावून बघा, कसं टवटवीत आहे. ते एका महिन्यात येत नाही, त्याला वर्षं लागतात."

नणंदेनं हात लावला नाही.

"मग हात का धरला नाही वहिनीनं?" ती म्हणाली, आवाज जरा खाली आला होता.

"त्या धरू द्यायच्या का वन्सं?" सून म्हणाली. "मी पुढे झाले की म्हणायच्या, सर बाजूला, मला माझी वाट पाठ आहे. पायात चपलाही घालायच्या नाहीत. काय करायचं होतं मी?"

कुंपणाशी माळी मेंदी कापत होता. एवढं बोलणं चाललं होतं, पण त्यानं एकदाही मान वर केली नाही. काकूंनी ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

त्या वाटेच्या शेवटापर्यंत गेल्या, दरजा बघत, एकेक. हिरवी, हिरवी, हिरवी. पायरीशी पोचल्या आणि थबकल्या. पायरीआधीच्या फरशीच्या चारी बाजूंना शेवाळाचा मागमूसही नव्हता. दरजांमधली भुकटी कोरी करकरीत होती.

आणि फरशीचा माथाही तसाच. बाकीच्या तीस फरश्या बारा वर्षांच्या पावलांनी मधोमध गुळगुळीत झाल्या होत्या. या एकतिसावीवर कधी कुणी चाललंच नव्हतं.

३

"ही नवीन बसवली?" मुलगा चक्रावला. "पण आम्ही नाही बसवली."

"नवीन नाही," काकू म्हणाल्या. "हा निळसर दगड ज्या खाणीतून यायचा ती खाण दहा वर्षांपूर्वी पाण्यानं भरली. याचे शेवटचे दोन तुकडे माझ्या वखारीत आहेत. सकाळीच मी त्यांच्यावरची धूळ झाडली."

"म्हणजे फरशी आमचीच?"

"तुमचीच. पण कुणीतरी उचलून परत बसवली आहे."

नणंद झटक्यानं भावाकडे वळली. "तूच ना रे? तुला इथे गाडीसाठी शेड घालायची होती. आई नको म्हणत होती. टेप घेऊन मोजत नव्हतास तू?"

"मोजलं फक्त!" तो ओरडला. "ताई, शपथ घेऊन सांगतो, पहार लावली नाही मी. आई हयात असेपर्यंत नाही लावणार, असं तिला म्हणालो होतो मी."

"लावली असती तर कळलं असतं," काकू म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून लाकडी मुठीचा छोटा हातोडा काढला आणि मुठीनं त्या फरशीवर ठोकत गेल्या. चार कोपरे, मध्य, कडा. सगळीकडून एकच आवाज आला. भरीव, ठाम. "नवखा माणूस काय करतो, खाली चार-पाच ठिकाणी माल टाकतो आणि वर फरशी ठेवतो. ठोकलं की मध्ये डबा वाजतो. ही बघा कशी बोलते. हिच्याखाली बोटभरसुद्धा पोकळी नाही. उतारसुद्धा शेजारणीशी केसाइतका जुळलेला. हे हौसेचं काम नव्हे."

"म्हणजे चांगली बसवली," सून म्हणाली. "मग आई पडल्या कशा?"

तेच काकूंना उमगत नव्हतं. डुगडुगणारी फरशी माणसाला पाडते. घट्ट, सपाट, नीट बसलेली फरशी कशी पाडेल?

त्या परत घराच्या दाराशी गेल्या. चपला काढल्या. मुलाला म्हणाल्या, "तुम्ही पायरीखाली उभे राहा. मी पडले तर धरा." आणि डोळे मिटून चालू लागल्या.

दगड सकाळच्या उन्हानं कोमट झाला होता. एकेक फरशी पायाखालून सरकत होती, सगळ्या सारख्या, गुळगुळीत. त्यांनी मोजायला सुरुवात केली होती पण नवाच्या पुढे घोळ झाला. म्हातारीनं रोज मोजल्या असतील? मोजताना मनात दुसरा विचार आला की चुकणार. मग तिला कसं कळायचं की आता पायरी? चालताना त्या हाच विचार करत राहिल्या, आणि अचानक पायाखाली काहीच नव्हतं.

मुलानं त्यांना वरचेवर झेललं. आदल्या फरशीनं काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं.

दम खाऊन काकूंनी विचारलं, "थोरल्या बाईंना किती दिसायचं?"

"थोडं अंधुक," मुलगा म्हणाला. "वयानं येतं तेवढं."

"मी तुम्हाला नाही विचारलं," काकू म्हणाल्या. त्यांची नजर नणंदेवर होती, आणि नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला होता.

४

नणंद गुडघ्यांत डोकं घालून बसली. बोलली तेव्हा तिचा तो तोरा कुठल्या कुठे गेला होता.

आई पडली त्याच्या अगदी आधी सगळे तिच्याकडे शहरात गेले होते, आईचे डोळे दाखवायला. तीन दिवस घराला कुलूप होतं. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा आत फक्त नणंद होती. भाऊ गाडी लावायला गेला होता, वहिनी औषधाच्या रांगेत होती.

"डॉक्टर म्हणाले, यांना दिसतच नाही. चार-पाच वर्षांपासून. उजेड आणि अंधार, एवढंच." तिनं ओठ चावला. "मी म्हटलं, आई, चल माझ्याकडे राहा, आमच्याकडे लिफ्ट आहे, एकही पायरी नाही. तर माझा हात एवढा घट्ट धरला तिनं. म्हणाली, या दोघांना सांगशील तर माझं तोंड बघू नकोस. त्यांना कळलं तर मला खुर्चीत बसवून ठेवतील. मला माझं घर पाठ आहे. माझी बाग मला पाठ आहे."

"आणि तू सांगितलं नाहीस," भाऊ म्हणाला.

"नाही सांगितलं." ती आता वहिनीकडे बघत होती. "त्याच संध्याकाळी तुम्ही परत आलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. तेव्हापासून मला सारखं वाटतंय, मी बोलले असते तर तू तिला एकटी सोडलीच नसतीस. ते मला सोसेना. म्हणून मी साबण काढला. तुझ्यावर ढकललं."

सुनेच्या डोळ्यांत रागही नव्हता. चार-पाच वर्षं आपण आंधळ्या माणसाला वाढत होतो, कपडे घडी करून देत होतो, हसत होतो, आणि तिनं ताकास तूर लागू दिली नाही, हेच तिच्या पचनी पडत नव्हतं.

काकू मात्र पुढचा धागा धरून होत्या. दिसत नसलेली बाई रोज एकतीस फरश्या चालून पायरीशी बरोबर थांबायची. वर्षानुवर्षं. म्हणजे पायाला काहीतरी खूण मिळत होती. घराला तीन दिवस कुलूप लागलं. परत आल्यावर पहिल्याच सकाळी ती खूण मिळाली नाही.

माझी फरशी कुणी नेली.

"पहार द्या," काकू माळ्याला म्हणाल्या.

माळी पहार घेऊन आला, पण हातातून सोडेना.

"नका उचलू, काकू," तो म्हणाला. "आता उचलून काय मिळणार?"

५

मुलानं आणि काकूंनी मिळून ती उचलली. आधी एक कड, मग खाली लाकडाचा ठोकळा, मग दुसरी कड. हळूच उभी केली.

फरशीला दोन अंगं असतात. एक वरचं, एकसारखं सोललेलं. दुसरं पोटाचं, जिथे खाणीत टाकीचे घाव बसतात, उंचसखल, खरखरीत. पोट मातीकडे जातं, त्याला उजेड दिसत नाही.

या फरशीच्या पोटाला उजेड दिसला होता. टाकीचे घाव होते, पण मधल्या भागातले घाव झिजून त्यांच्या धारा बोथट झाल्या होत्या. झिजलेली जागा दोन पावलं शेजारी शेजारी ठेवली तर जेवढी होईल तेवढी होती. रोज कुणीतरी तिथे येऊन, दोन्ही पाय जुळवून, क्षणभर उभं राहत होतं. भोवती जुन्या शेवाळाचा वाळलेला काळा डाग होता.

"उलटी होती," सून पुटपुटली. "आधी उलटी होती! खरखरीत बाजू वर. आईंच्या पायाला ती लागली की त्या थांबायच्या." तिनं तोंडावर हात ठेवला. "मला नुसती ओबडधोबड वाटायची. आम्ही चपला घालून चालायचो ना. आणि त्या संध्याकाळी अंधारात धुतली, लक्षातच आलं नाही."

"आणि कुणीतरी ती सुलटी केली," मुलगा म्हणाला. "कुणी?"

काकू त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या खालच्या खड्ड्याकडे बघत होत्या. भुकटीचा थर सपाट नव्हता. फरशीच्या पोटाला जिथे उंचवटा होता तिथे थरात तळहातानं खळगा केला होता, जिथे खोलगट होतं तिथे मूठभर भुकटी दाबली होती. फरशी बसवायच्या आधी तिचं पोट बोटांनी वाचायचं आणि मग तसंच अंथरूण घालायचं. नवरा गेल्यावर काकूंनी वखार हातात घेतली, तेव्हा एका माणसानं त्यांना हे सहा महिने शिकवलं होतं. असं अंथरूण घालणारी माणसं गावात दोनच होती. त्यातल्या एक काकू.

त्या तिथेच मातीत बसल्या.

"बागेचं फाटक मी उघडून दिलं, फरशी उचलायला हातही मी लावला," माळी मागून म्हणाला. पहार त्यानं कधीच खाली टाकली होती. "तुम्ही सगळे शहरात होतात. ही वाट ज्यांनी बसवली ते मिस्त्रीबाबा आले. म्हणाले, एक तासाचं काम आहे, कुणाला सांगू नकोस, माझी लाज आहे. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मोठ्या बाई पडल्या त्याचा याच्याशी संबंध आहे हे मला कुठे ठाऊक. मला वाटलं, चांगलंच काम केलं त्यांनी." त्यानं कुंपणाकडे पाहिलं. "मग वहिनींवर आळ आला. तेव्हा शंका आली. पण तोवर बोलायला जीभ रेटेना."

६

मिस्त्रीबाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. मागच्या भिंतीवर पाणसळ, थापी, रबरी हातोडा, सगळं तेल लावून ओळीनं टांगलेलं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. खोलीत एकच ताट, एकच पेला.

"ये पोरी. किती दिवसांनी!" त्यांनी काकूंना पन्नाशीतही पोरी म्हणणं सोडलं नव्हतं. "बघ, हत्यारं टांगली. हात थरथरतो आता. पण शेवटचं काम असं केलंय की आता मरायला मोकळा."

वाटेत काकूंनी दहा वेळा ठरवलं होतं, सांगायचं नाही. या माणसापाशी कामाच्या अभिमानाशिवाय दुसरं होतं काय? पण शुक्रवार परवावर आला होता. एकाचं मन राखायला जावं, तर दुसरीचं घर मोडत होतं.

"कुठलं शेवटचं काम, बाबा?"

म्हातारा लाजल्यासारखा हसला. "तुला कधी सांगितलं नाही. थोरल्या बाईंची वाट केली ना, तिची शेवटची फरशी मी उलटी बसवली होती. त्या दिवशी घरी ही तापानं फणफणत होती. चित्त थाऱ्यावर नव्हतं, पोट वर करून बसवून टाकली. लक्षात आलं आणि उचलायला गेलो, तर बाई म्हणाल्या, राहू दे, आधी घरी जा. मोठ्या मनाची बाई. त्यानंतर दर वर्षी वाट कशी आहे ते बघायला जायचो, दर वर्षी म्हणायचो, ती सुलटी करून देतो. दर वर्षी हसायच्या. म्हणायच्या, राहू दे, मला तीच आवडते. भीड हो, दुसरं काय! माझं मन दुखवू नये म्हणून म्हणायच्या." त्यांनी आवाज खाली आणला. "आयुष्यात एवढं एकच काम चुकलेलं. डोळे मिटले की ती फरशी दिसायची. म्हणून यंदा घरचे नसताना गेलो आणि—"

ते थांबले. काकूंच्या चेहऱ्यावर त्यांनी काहीतरी पाहिलं होतं.

"बाई पडल्या, एवढंच ऐकलं मी," ते म्हणाले. "न्हाणीघरात पडल्या ना?"

काकूंनी मान हलवली.

"वाटेवर?"

"हो."

"घसरल्या?"

"नाही बाबा. त्यांना दिसत नव्हतं. चार-पाच वर्षांपासून. कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी."

म्हातारा दगडाचा माणूस. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःचे तळहात उघडले आणि त्यांच्याकडे असे पाहत राहिले, जसे ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"खरंच आवडायची तर," ते म्हणाले. "भीड नव्हती ती. खरंच सांगत होत्या. आणि मी... पोरी, त्यांनी एकदा 'का' ते सांगितलं असतं. किंवा मी एकदा विचारलं असतं, का आवडते?"

बाबा भिंतीचा आधार घेत उठले.

"त्यांच्या सुनेवर आळ आहे म्हणालीस?"

"मी नाही म्हणाले, बाबा."

"गावात ऐकलं होतं. बायकांच्या गोष्टी म्हणून सोडून दिलं." त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल. ती पोरगी माझं ओझं वाहते आहे."

७

मिस्त्रीबाबांनी घरात पाऊल टाकलं नाही. बागेत, उभ्या केलेल्या फरशीशेजारी उभं राहून सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. सांगून झाल्यावर ते सुनेसमोर वाकू लागले, तशी ती घाईनं मागे सरली.

"असं नका करू बाबा. तुम्ही दर वर्षी निदान विचारत तरी होतात. मी रोज त्यांच्या मागे होते. एकदाही म्हटलं नाही, की आई, तुम्हाला दिसतं ना?"

"तुला कुणी सांगितलं होतं?" नणंद म्हणाली आणि रडू लागली. तिनं वहिनीचा हात धरायला हात पुढे केला. सुनेनं तो धरला, पण लगेच सोडलाही.

मुलगा मिस्त्रीबाबांवर ओरडेल असं काकूंना वाटलं होतं. तो ओरडला नाही. म्हाताऱ्याला त्यानं खुर्ची आणून दिली. मग उभ्या फरशीपाशी गेला, झिजलेल्या त्या दोन पावलांवर बोट फिरवत राहिला, आणि त्याचे खांदे हलू लागले. आई गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता.

शुक्रवारी सकाळी काकू परत आल्या, खड्डा उघडा ठेवणं बरं नव्हे म्हणून. सुनेची बॅग दारात तयार होती. नवरा तिच्यापासून चार हात लांब उभा होता, पाय कुठे ठेवावेत ते न कळणाऱ्या माणसासारखा.

"आता कशाला जातेस?" तो म्हणाला. "सगळं कळलं ना."

"तुम्हाला कळलं. आता." तिचा आवाज शांत होता. "तुम्हाला साबणाचं खरं वाटलं नव्हतं. ते मला ठाऊक आहे. खरं वाटलं असतं तर भांडला असतात. तुम्ही नुसतं विचारलं नाहीत. महिनाभर एका घरात राहून एकदाही विचारलं नाहीत, की काय झालं गं त्या सकाळी?"

तो खाली बघत राहिला. मग, काहीतरी करायला हवं म्हणून, फरशीपाशी गेला. "काकू, ही मी बसवतो. तुम्ही नुसतं सांगा कसं ते."

काकूंनी सांगितलं. त्यानं गुडघ्यांवर बसून जुनी भुकटी मोकळी केली, लाकडी फळीनं सारखी केली, खळग्यांत हात घालून दाबली. शहाण्यासारखा, न बोलता. अर्ध्या तासानं घामेजला चेहरा वर करून त्यानं विचारलं, "कुठली बाजू वर?"

काकूंनी सुनेकडे पाहिलं. त्याची मान हळूहळू बायकोकडे वळली.

"मला विचारताय?" ती म्हणाली.

"तुलाच विचारतोय."

ती बराच वेळ त्या फरशीकडे बघत उभी होती. बाहेर तिच्या भावानं गाडीचा हॉर्न वाजवला. तिनं बॅग उचलली.

"आज नाही सांगता येणार," ती म्हणाली. "घाईत सांगितलं तर चुकेल. पंधरा दिवसांनी येईन, तेव्हा सांगते."

फाटक लागल्याचा आवाज आला. तो गुडघ्यांवरच बसून होता, हात कोपरापर्यंत भुकटीनं माखलेले. काकूंनी फरशी कुंपणाला टेकवून नीट उभी केली, घसरू नये म्हणून खाली दोन विटा लावल्या.

"घरात रुंद फळी आहे का एखादी?" त्या म्हणाल्या. "या जागेवर टाकून ठेवा. कुणाचा पाय नको जायला."

तो उठला आणि फळी शोधायला आत गेला.